लेकीच्या घरचं पाणी

डॉक्टरीणबाईंनी कागदावरून मान वर न करता सांगितलं, प्लेटलेट एक लाख आठ हजारांवर गेल्या, उद्या सकाळी घरी न्यायला हरकत नाही. परवा याच बाईंनी चोवीस हजार म्हटलं होतं तेव्हा जीवराम ताठ उभा होता. बायकोला धीर देत होता, जावयाला चहा पाजत होता, वॉर्डातल्या आयाबाईकडे तिच्या गावाची चौकशीसुद्धा करत होता. आणि आता सगळं निभावलं म्हटल्यावर लेकीच्या खाटेची कड धरून त्याला बसावं लागलं. सारिका उशीला टेकून त्याच्याकडे बघत होती. ओठ सुकलेले, हातावर सुईचे काळेनिळे डाग, पण नजर जागेवर आलेली. आई तिला किवी सोलून देत होती, कारण भेटायला येणारा प्रत्येक जण किवीच आणत होता आणि आता सगळ्या वॉर्डाला वाटूनही ती संपत नव्हती. जीवरामला वाटलं, आपण मोठ्यानं हसावं. जीव भांड्यात पडणं म्हणतात ते हेच असणार, नुसता पडत नाही, चांगला आवाज करून पडतो.

तेवढ्यात बाईंनी दुसरा कागद काढला. वयानं कोवळी पोरगी, पण जागरणानं डोळे आत गेलेले. म्हणाल्या, हा सरकारी फॉर्म आहे काका, डेंग्यूचा प्रत्येक पेशंट कळवावा लागतो, पत्ता नीट सांगा. त्यानं धुळ्याचा, लेकीच्या सासरचा पत्ता सांगितला. घरात पाणी साठवता का? साठवतात, आठव्या दिवशी नळ येतो. पालिकेची माणसं तपासायला येतात का? येतात. शेवटची तपासणी कधी झाली? मागल्याच्या मागल्या मंगळवारी. त्यात काय निघालं?

"निरंक," जीवराम म्हणाला.

बाईंनी पहिल्यांदाच मान वर केली. हा शब्द आजाऱ्याच्या नातेवाइकाच्या तोंडचा नव्हता. मग थोडं हसून त्यांनी तो तसाच लिहून घेतला आणि पेनाला टोपण लावता लावता म्हणाल्या, "मग डास आला कुठून, काका?" आणि पलीकडच्या खाटेकडे वळल्यासुद्धा. त्यांना उत्तर नकोच होतं. सकाळपासून त्यांनी असले चार फॉर्म भरले असतील आणि चारही जणांना काहीतरी गमतीचं विचारलं असेल. पण जीवराम तिथेच बसून राहिला. सुंदरबाईंनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, किवीची फोड त्याच्यापुढे धरली ती त्याला दिसली नाही. मग तो उठला आणि म्हणाला, मी धुळ्याला जाऊन येतो, पोर उद्या घरी यायची तर घर बघून यायला पाहिजे. सुंदरबाई म्हणाल्या, घराला काय झालं, घराची माणसं आहेत की घर बघायला. सारिकानं नुसतं बापाकडे पाहिलं आणि मग खिडकीकडे मान वळवली.

जळगावच्या स्टँडवर धुळ्याची गाडी लागलेलीच होती. खिडकीशी जागा मिळाली, ऊन मांडीवर आलं, गाडी हलली. एकतीस वर्षं जीवराम हिवताप खात्यात होता. खात्याचं नाव, हुद्द्याचं नाव किती वेळा बदललं, पण धुळ्यातल्या गल्ल्यांसाठी तो कायम 'मलेरियावाले भाऊ'. हातात बॅटरी, खांद्यावर पिशवी, पिशवीत औषधाची बाटली आणि खडू. दारात जायचं, आवाज द्यायचा, आत शिरून हौद, टाक्या, ड्रम, रांजण, कूलर, कुंडीखालची ताटली, फ्रिजच्या मागचा ट्रे सगळं उघडायचं, बॅटरी मारायची, पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या शोधायच्या. असल्या तर भांडं ओतायला लावायचं, ओतण्यासारखं नसलं तर औषध टाकायचं, आणि बाहेर येऊन दाराशेजारच्या भिंतीवर तारीख नि आकडा लिहायचा. अळ्या असलेली भांडी किती, तो आकडा. काही नसेल तर भिंतीवर शून्य आणि वहीत निरंक. हा शब्द खात्यानं त्याच्या तोंडात असा काही बसवला होता की घरातही तो सुटत नसे. भाजीत मीठ आहे का विचारलं की हा म्हणायचा निरंक, आणि सुंदरबाई मिठाची बरणी त्याच्यापुढे आदळायच्या. लहानपणी सारिका शाळेतून आली की हा विचारायचा, आज मार किती खाल्ला, आणि ती पोर दप्तर टाकता टाकता ओरडायची, निरंक.

आणि हा शब्द त्यानं फुकट कधी वापरला नव्हता, हे खरं. दुसऱ्यांच्या घरी जीवराम म्हणजे कर्दनकाळ. लोक म्हणायचे, अहो झाकलेलंय पाणी, आतापर्यंत कुणाला ताप आला नाही. हा झाकण उचलणारच. एका वकिलाच्या बंगल्यावर तर त्यानं गच्चीवरच्या टाकीत कमरेपर्यंत वाकून बॅटरी मारली होती आणि वकिलीणबाई खालून हाका मारत होत्या की पडाल हो, पडाल. नसीमचाचींच्या कूलरमधून त्यानं वाटीभर अळ्या काढून त्यांच्याच ओट्यावर ठेवल्या, तेव्हा चाचींनी दोन महिने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. त्याला त्याचं काही वाटत नसे. तो लोकांना तोंडपाठ सांगायचा, हा डास गटारीतला नव्हे, हा स्वच्छ पाण्यातला. पांढऱ्या पट्ट्यांचा, दिवसा चावणारा, पायाच्या घोट्याशी घुटमळणारा. अंड्यातून उडेपर्यंत त्याला आठवडा पुरतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस भांडी कोरडी करा. नुसती ओतून भागत नाही, कड घासा, अंडी पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात, वाळली तरी महिनोन्महिने मरत नाहीत, पुन्हा पाणी आलं की जागी होतात. लोक ऐकायचे आणि म्हणायचे, भाऊ, नळ आठ दिवसांनी येतो, कोरडा दिवस पाळायचा तर प्यायचं काय? नळ आठ दिवसांनी आणि डासही आठ दिवसांनी, कुणी दोघांचं आधी बोलणं करून ठेवल्यासारखं.

गाडी एरंडोलच्या अलीकडे पोचली तेव्हा चांदचा फोन आला. चांद खात्यातला त्याच्या जोडीचा, वीस वर्षं दोघांनी आपल्या भागातल्या गल्ल्या निम्म्या निम्म्या वाटून घेतल्या होत्या. चांदनं आधी पोरीची तब्येत विचारली, अल्लाचे आभार मानले, मग जरा घुटमळत म्हणाला, काल आमची टीम तुमच्या लेकीच्या गल्लीत होती, कागद यायची वाट बघितली नाही, पेशंट निघाला म्हणजे आजूबाजूची पन्नास घरं करावी लागतात, तुम्हाला माहीतच आहे. शेजारच्या प्रेमराजकडे दोन भांडी निघाली, त्याला आधी ताप येऊन गेला होता. बाकी सगळं केलं. फक्त एक घर राहिलंय. "तुमच्या लेकीच्या घरात मी गेलो नाही, भाऊ. वहीतली ती लाइन कोरी सोडलीय. तुम्ही तुमच्या हातानं लिहा," चांद म्हणाला आणि पुढचं काही न विचारता त्यानं फोन ठेवला.

म्हणजे चांदला ठाऊक होतं. किती दिवसांपासून ठाऊक होतं कोण जाणे. दोन वर्षांपूर्वी सारिकाचं लग्न झालं आणि तिचं सासर नेमकं जीवरामच्या वाटणीच्या गल्लीत आलं, तेव्हाच चांद म्हणाला होता, भाऊ, ती गल्ली मला द्या, तुमच्याकडे माझी एक घ्या. जीवराम नको म्हणाला होता. कामाचा माणूस आहे मी, घर म्हणजे घर, लेकीचं असो की कलेक्टरचं, असं काहीतरी बोलून त्यानं चांदला गप्प केलं होतं. खरं कारण बोलण्यासारखं नव्हतं. एकुलती पोर. लग्नानंतर माहेरी यायची ती सणाला, तेही दोन रात्री. पण गल्ली आपल्याकडे राहिली तर दर मंगळवारी अकराच्या सुमाराला ती दारात दिसणार होती. ओल्या हातांनी, पदराला हात पुसत. दोन मिनिटं का होईना.

आणि आत जायचा प्रश्नच नव्हता. लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, तिला मूल होईपर्यंत तरी नाहीच, हे जीवरामच्या घरात कुणी शिकवावं लागत नसे. त्याचा बाप, वना आबा, पाचोऱ्याकडचा. जीवरामची थोरली बहीण दिली होती पार पिंपळनेरला. वना आबा तिला भेटायला निघायचे ते दोन गाड्या बदलत, सोबत स्वतःच्या घरच्या पाण्याचा कॅन घेऊन. लेकीच्या ओट्यावर बसायचे, आपल्या कॅनमधलं पाणी प्यायचे, तिच्या डोक्यावरून हात फिरवायचे आणि उलट्या पावली परत. लहान जीवरामला तो कॅन उचलावा लागायचा म्हणून तो चिडायचा. मोठेपणी त्याला वाटायचं, हे सगळं जुनं खूळ, आपण नाही असले. पण स्वतःच्या लेकीच्या दारात पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा कळलं, खूळ अंगात मुरलेलं आहे. ज्या पाण्याचा थेंब घशाखाली उतरवायचा नाही, त्याच पाण्यावरचं झाकण उचलून त्यात बॅटरी कशी मारायची? आणि मारली आणि आत अळ्या निघाल्या तर? तर विहिणीच्या देखत, गल्लीच्या देखत, बापानंच लेकीच्या संसाराला घाण म्हटल्यासारखं. विहीण सुगंधाबाई तोंडानं फटकळ. आपण गेल्यावर त्या पोरीला काय काय ऐकवतील, तुझ्याच बापानं आमचं नाक कापलं म्हणतील. त्यापेक्षा ओट्यावरूनच विचारायचं, पाणी झाकलेलं आहे ना? आतून सारिका म्हणायची, हो आबा. आणि जीवराम तेवढ्या दोन मिनिटांत तिच्या चेहऱ्याकडे बघून घ्यायचा. गाल उतरलेत का, डोळ्यांखाली काळं आहे का, हसताना पूर्वीसारखी मान तिरकी करते का. तपासणी व्हायची ती चेहऱ्याची, आणि भिंतीवर शून्य लिहिलं जायचं पाण्याचं. दोन वर्षं, दर मंगळवारी.

पारोळ्याला गाडी थांबली. लोक उतरले, चढले, कुणीतरी कांदाभजी घेऊन आलं, वास सगळ्या गाडीत भरला. जीवरामला सकाळपासून भूक लागलेली नव्हती, आणि आता एकाएकी पोटात खड्डा पडला. त्याला स्वतःचीच लाज वाटली. पोर वाचली म्हणून भूक लागते, की पोर वाचली म्हणून आता आपलं कुणी काही वाकडं करणार नाही याची ही भूक आहे? परवाची मंगळवारची दुपार त्याला आठवली. आकडा चोवीस हजारांवर आला होता, हिरड्यांतून रक्त दिसलं होतं, जावई ललित बाहेरच्या बाकावर डोकं धरून बसला होता. जीवरामनं एवढ्या घरांत एवढ्या वर्षांत डेंग्यूचे पेशंट पाहिले होते. ताप उतरल्यावर घरचे निर्धास्त होतात आणि नेमका तोच धोक्याचा काळ असतो, हे त्यानं शंभरदा लोकांना सांगितलं होतं. आता सारिकाचा ताप उतरला होता, तिचे हातपाय गार होते, आणि तो मनात एकच गोष्ट घोकत होता. देवाशी त्याचं फारसं बोलणं नसायचं, पण त्या दुपारी तो म्हणाला, हिला वाचव, मी सगळ्यांना खरं सांगेन. त्याच वेळी सुगंधाबाई धुळ्याहून थर्मास घेऊन आल्या, पपईच्या पानांचा रस एका बाटलीत आणि चहा थर्मासात. कुणाला काही न विचारता त्यांनी चहा ओतून त्याच्या हातात दिला. तो प्यायला. दुसरा कप अर्धा झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं, हे लेकीच्या घरचं पाणी. कपात उरलेल्या चहाकडे त्यानं पाहिलं, आणि तोही पिऊन टाकला. पोर मरणाशी झुंजत असताना असल्या गोष्टींचं काही वाटायला जागाच उरलेली नव्हती.

देव, नाहीतर सलाईन, नाहीतर त्या झोपमोड झालेल्या डॉक्टरीणबाई, कुणीतरी ऐकलं. बुधवारी बावन्न हजार, आज लाखावर. आणि आता, धुळ्याचा रस्ता संपत आला तसं, बोललेलं पाळायची वेळ आली. माणूस मोठा बेरकी. संकट टळलं की आधी नवसातून पळवाट शोधतो. कुणाला काय कळणार आहे, आतून आवाज येत होता. शेजारच्या प्रेमराजकडे भांडी निघालीच आहेत, डास तिथून आला असणार, डासाला भिंत कुठे आडवी येते. चांदनं लाइन कोरी ठेवलीय ती तुला वाचवायलाच ठेवलीय. गुपचूप जा, टाक्या ओत, घासून काढ आणि निरंक लिहून मोकळा हो. पोरगी तर सुटली ना? मग झालं.

दुपारी एकला तो गल्लीत शिरला. हवेत कालच्या धूरफवारणीचा वास अजून रेंगाळत होता. सुगंधाबाई ओट्यावर गहू निवडत होत्या. त्याला बघून त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पोरीची खुशाली त्यांना फोनवर कळलेली होती, तरी त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सगळं विचारलं आणि प्रत्येक उत्तराला देवघराच्या दिशेनं हात जोडले. सुनेवर एवढा जीव आहे या बाईचा, हे जीवरामला दोन वर्षांत दाराबाहेरून कधी दिसलं नव्हतं. त्याच्या समोर दाराशेजारची भिंत होती. भिंतीवर त्याचंच अक्षर. तारखांची रांग आणि प्रत्येक तारखेपुढे शून्य, खडूनं लिहिलेलं, वळणदार. दिवाळीला सगळं घर रंगवलं तेव्हा सुगंधाबाईंनी तेवढा तुकडा तसाच ठेवायला लावला होता. सगळ्या गल्लीत आपलंच घर साफ, असं बायकांना दाखवत त्या म्हणायच्या, दखा, आमनं घर बठ्ठ्या गल्लीत साफ.

त्या शून्यांकडे बघत बघत ते त्याच्या तोंडून निघून गेलं. ठरवून बोलला असता तर बोललाच नसता.

"अक्का, मी तुमच्या घरात येऊन कधी बघितलंच नाही," तो म्हणाला. "एकदाही नाही. बाहेरूनच लिहीत होतो."

सुगंधाबाईंनी भिंतीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्यांना नीट कळायला थोडा वेळ लागला.

"मंग हाई शून्य कसानं शे?" त्यांनी विचारलं, हे शून्य मग कशाचं.

उत्तराची वाट न बघता त्या बोलायला लागल्या, आणि आसपासच्या चार घरांना ऐकू जाईल असं बोलल्या. त्यांनी त्याची नोकरी काढली, पगार काढला, वय काढलं, त्याच्या आईबापांना मात्र तेवढं सोडलं. म्हणाल्या, आम्ही अडाणी बायका, आम्हाला पाण्यातलं काय दिसतं, तुम्ही लिहून जायचे म्हणून मी निर्धास्त होते. "तुम्ही लिखी जायेत, म्हनीसन मी झाकन उघाडंच नई," असं त्या दोनदा म्हणाल्या, आणि दुसऱ्यांदा म्हणताना त्यांचा आवाज चिरकला. लेकीची लाज राखायला गेलात आणि लेकच घालवून बसला असता, असंही म्हणाल्या. खाली मान घालून जीवराम ऐकत होता. आणि गंमत अशी की सकाळी डॉक्टरीणबाईंनी आकडा सांगितला तेव्हा जे झालं नव्हतं ते आता होत होतं. छातीवरचं ओझं हळूहळू उतरत होतं. कुणीतरी त्याला शिव्या घालायला हव्या होत्या. सहा दिवस सगळे त्याला धीरच देत होते, आणि तो धीर त्याच्या अंगाला लागत नव्हता. तो मनाशी म्हणत होता, अजून बोला अक्का, अजून थोडं बोला.

मग सुगंधाबाई थांबल्या. नाक पुसलं, पदर खोचला आणि म्हणाल्या, चला, काय बघायचं ते बघून घ्या.

दोन वर्षांत पहिल्यांदा जीवराम त्या घराच्या आत गेला. पुढच्या खोलीत सारिकाच्या लग्नाचा फोटो होता, त्यात तो स्वतः एका कडेला उभा होता, डोळे मिटलेले. मोरीतले ड्रम पाहिले, साफ होते. गच्चीवरची टाकी पाहिली, साफ. फ्रिजचा ट्रे, कोरडा. मागच्या अंगणात जिन्याखाली सिमेंटची एक जुनी टाकी होती, वर पत्र्याचं झाकण. ते राखीव पाणी, सुगंधाबाई म्हणाल्या. नळ चुकला तर असावं म्हणून. त्यात वरून भर घालायची, तळाला हात लावायचा नाही, सासूच्या काळापासून तसंच. झाकण एका कोपऱ्याला वाकलेलं होतं. जीवरामनं ते सरकवलं आणि बॅटरी मारली.

होत्या. उजेड पडताच खाली पळाल्या, पाणी क्षणभर थरारलं. पण जीवराम गुडघ्यावर बसून बराच वेळ बघत राहिला, कारण त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. वर्षानुवर्षं तळ न हललेली टाकी, कडेला अंड्यांची काळी रेघ स्पष्ट, झाकणाला फट, ऑक्टोबरचं ऊन. असल्या टाकीत शेकड्यांनी अळ्या असायला हव्या होत्या. इथे जेमतेम पंधरा-वीस. एवढ्याच कशा? एकतीस वर्षांत असं त्यानं कुठे पाहिलं नव्हतं. पण आता विचार करत बसायची वेळ नव्हती. त्यानं शर्ट काढून खुंटीला अडकवला, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि बादलीनं पाणी उपसायला लागला. सुगंधाबाई प्रत्येक बादली ओतताना बघत होत्या, नळाला अजून तीन दिवस होते. चौथ्या बादलीला त्यांच्यानं राहवलं नाही, म्हणाल्या, निदान पेरूच्या झाडाला घाला. मग त्यांनीही दुसरी बादली घेतली. तळ लागल्यावर जीवराम आत उतरला आणि काथ्यानं कड घासायला लागला, पाण्याची ती जुनी रेघ पुसली जाईपर्यंत. हात भरून आले, पाठ धरली. त्याला बरं वाटत होतं.

तो टाकीत असतानाच खिशातला फोन वाजला. सारिका होती. आवाज बारीक, पण त्यात तिचा जुना तिखटपणा थोडा परत आलेला. घरी पोचलात का, जेवलात का, असलं काही तिनं विचारलं नाही. तिनं विचारलं, "आबा, जिन्याखालची टाकी उघडली का?"

जीवरामचा काथ्या थांबला. जिन्याखालची, हे तिला कसं कळलं, त्यानं विचारलं.

ती म्हणाली, "मला दिसल्या होत्या, आबा. पंधरा दिवस झाले असतील. मला काय ओळखता येत नाहीत का?"

तिला येत होत्याच. पाच वर्षांची असताना हा बाप काचेच्या बाटलीत अळ्या घरी आणायचा, ही खिडकीत बाटली ठेवून तासन्‌तास बघायची. तिला त्या डोकं खाली करून लटकलेल्या बघून हसू यायचं. जीवरामला विचारायचं होतं, मग सांगितलं का नाहीस. ते न विचारताच तिनं सांगितलं.

"कशी सांगणार? तुम्ही बाहेर भिंतीवर शून्य लिहून गेला होता. मी घरात म्हटलं असतं आहेत, तर तुम्ही खोटे पडला असता. इथे सगळे म्हणतात, सारिकाचे वडील फार कडक." तिला दम लागला, ती थांबली. "टाकी तर अक्का ओतू देत नाहीत. म्हणून मी रोज दुपारी त्या झोपल्या की चहाच्या गाळणीनं काढून टाकत होते. बऱ्याच काढल्या."

टाकीच्या तळाशी, ओल्या सिमेंटवर जीवराम खाली बसला. रोज दुपारी. भर उजेडी, उघड्या टाकीशी, उकिडवी बसून, पावलं उघडी, हातात गाळणी. डास नेमका कुठे आणि कधी चावला हे त्याला आता एखाद्या फॉर्मात लिहिल्यासारखं स्पष्ट दिसलं, आणि ते तो तिला जन्मात कधी सांगणार नव्हता. तिनं याची लाज राखली होती, यानं तिची. मध्ये ही टाकी भरलेली राहिली. त्याच्या घशातून एक आवाज निघाला. तो हसण्याचा होता की रडण्याचा हे त्याला स्वतःलाच कळलं नाही. वरून सुगंधाबाई वाकून विचारत होत्या, काय झालं, पोर बरी आहे ना? त्यानं हातानंच खूण केली, बरी आहे, बरी आहे.

"आबा, ऐकताय ना?" सारिका म्हणाली.

"ऐकतोय."

"पुढच्या मंगळवारी आत या."

"येतो," जीवराम म्हणाला.